खोकला आला की लघवी सुटते? पेल्विक फ्लोअरचा व्यायाम नीट शिकायचा तो असा

उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला डंकावर गेलं की मिरचीचा खाट उठतो, एकदा ठसका लागला की थांबत नाही, आणि तेव्हा रांगेतल्या किती बायका पायावर पाय दाबून उभ्या राहतात ते जरा बघा. कोणी काही बोलत नाही, पण कारण सगळ्यांना माहीत असतं. माझ्याकडे साताऱ्यात क्लिनिकला येतात त्यासुद्धा कंबर दुखते, गुडघा दुखतो म्हणूनच येतात, शेक देऊन झाला की उठता उठता दाराकडे बघून हळूच म्हणतात, "मॅडम आणखी एक होतं, खोकलं की जरा लघवी हुती." आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच निकाल देऊन टाकतात, "पण आता वय झालं, तीन बाळंतपणं झाली, चालायचंच."

चालायचंच कशाला? हा आजार कॉमन आहे हे खरं, पण कॉमन आहे म्हणजे सोसायलाच पाहिजे असं थोडीच आहे. बहुतेक वेळा यावरचा पहिला उपाय व्यायाम असतो, गोळी किंवा ऑपरेशन नंतर येतं. अडचण एवढीच की हा व्यायाम बाहेरून दिसत नाही, त्यामुळे चुकीचा चाललाय हे करणारीलाही कळत नाही आणि बघणाऱ्यालाही नाही. १९९१ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात बायकांना फक्त तोंडी समजावून पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायला सांगितले, तर जेमतेम निम्म्या जणींना नीट जमलं आणि साधारण पाव जणी असा जोर लावत होत्या की त्यानं त्रास उलट वाढावा. मोबाईलवर व्हिडिओ बघून दिवसाला शंभर-दोनशे वेळा "केगल", म्हणजे हाच व्यायाम, करणाऱ्या आणि तरी फरक नाही म्हणणाऱ्या ज्या भेटतात त्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं, म्हणून या लेखात आकड्यांपेक्षा तपासणीला जास्त जागा दिलीय, तो भाग गाळून पुढे पळू नका.

हे स्नायू असतात कुठे

पुढे जांघेच्या मधलं हाड, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूला आपण ज्यांच्यावर बसतो ती हाडं, या सगळ्याच्या मध्ये खालून झोळी बांधल्यासारखा स्नायूंचा एक पडदा असतो, तोच पेल्विक फ्लोअर. त्याच्यावर मूत्राशय, गर्भपिशवी आणि शीची पिशवी टेकलेली असते आणि त्यातूनच लघवीची जागा, योनी आणि शीची जागा बाहेर येते. यातले बरेचसे तंतू सावकाश पण दिवसभर काम करणारे, थोडे तंतू झटपट आवळणारे. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो, तो दाब खाली पोचायच्या आत हे झटपटवाले आवळले गेले तर थेंब पडत नाही, उशीर झाला किंवा ताकद कमी पडली की पडतो.

कमजोरीची कारणं बरीच. बाळंतपण हे मोठं कारण, त्यातही चिमटा लावून किंवा बाळ ओढून काढलेलं असेल, टाके खोलवर गेले असतील तर जास्त. सिझर झालंय म्हणून पूर्ण सुटका असं नाही, धोका कमी असतो पण नऊ महिन्यांचं ओझं तर त्याच स्नायूंनी पेललेलं असतं. पाळी गेल्यावर तिथली त्वचा नाजूक, कोरडी होते ते एक कारण. वाढलेलं वजन, जुना खोकला, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, रोजचं जड उचलणं ही बाकीची.

अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये हा व्यायाम पद्धतशीर मांडला, त्यावरून "केगल" हे नाव पडलं. आपल्याकडे योग शिकलेल्या बायका विचारतात की हा मूळबंधच ना? आवळायची जागा साधारण तीच, पण इथं श्वास रोखायचा नाही, हा फरक लक्षात ठेवा.

व्यायाम सुरू करायच्या आधी, ही लक्षणं असतील तर थेट डॉक्टर

लघवीतून रक्त येणं. लघवी करताना जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. मूत्राशय भरलंय पण लघवी उतरतच नाही. दोन पायांच्या मधली जागा, बसायची जागा बधिर झाली, कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडायला लागले, शी-लघवीवरचा ताबा अचानक गेला, यात तर रात्र काढू नका, तसंच इमर्जन्सीला जा, मणक्यातल्या नसा दबल्या असू शकतात. बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर दिवसरात्र सतत लघवी पाझरत असेल तर तो स्नायूंचा प्रश्न नसून आत छिद्र पडलेलं असू शकतं, त्याला व्यायामानं काही होत नाही. आणि अंग बाहेर येतंय, म्हणजे खाली गोळा हाताला लागतो असं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, व्यायाम तिथंही उपयोगी पडतो पण किती उतरलंय ते बघून.

पायरी पहिली: आपली गळती कुठली ते ओळखा

खोकला, शिंक, हसणं, पायऱ्या उतरणं, कळशी उचलणं, अशा वेळी थेंब पडतो तो दाबामुळे होणारा प्रकार. दुसरा प्रकार घाईचा, म्हणजे काही नसताना एकदम इतकी कळ येते की बाथरूमचं दार उघडेपर्यंत होऊन जाते, कुलपात किल्ली घातली की किंवा नळाचं पाणी वाजलं की हमखास. बऱ्याच जणींना दोन्ही थोडं थोडं असतं. तिसरा एक प्रकार आहे तो मूत्राशय रिकामंच नीट होत नाही आणि भरून वाहतं तसा, जुनी शुगर असणाऱ्यांत आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत बघायला मिळतो, त्याला सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर आत किती उरते ते मोजावं लागतं. वारा किंवा शी धरवत नाही हेही यातच येतं, ते सांगायला तर बायका अजूनच लाजतात, पण सांगा, त्यालाही याच स्नायूंचं काम असतं.

पायरी दुसरी: तीन दिवसांची वही

ही मी सगळ्यांना करायला लावते आणि सगळ्यांना कंटाळा येतो. एक लिटरची पाण्याची बाटली वरून कापा, औषधाच्या मापानं पाणी ओतत ओतत मार्करनं दर ५० मिलीला खूण करा, झालं तुमचं माप, बाथरूममध्ये ठेवून द्या. मग सलग किंवा सुट्टे तीन दिवस, दर वेळी लिहायचं: किती वाजले, काय आणि किती प्यायलात, किती लघवी झाली, घाई किती होती, गळाली का, आणि गळाली तेव्हा काय करत होतात. रात्री झोपल्यानंतरची वेगळ्या रंगानं लिहा.

तीन दिवसांत जे दिसतं ते तासभर बोलून कळत नाही. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावतं, दिवसा सात-आठ वेळांपर्यंत जाणं आणि रात्री एखाद्या वेळी उठणं हे नॉर्मलच्या आत येतं. तुमच्या वहीत दर वेळी १०० मिली आणि दिवसात बारा-चौदा फेऱ्या असतील तर एकतर इन्फेक्शन आहे, म्हणून आधी लघवी तपासा, नाहीतर मूत्राशयाला अर्ध्यावर रिकामं व्हायची सवय लागलीय. चोवीस तासांत तीन लिटरच्या आसपास लघवी होत असेल तर पाणी जास्त होतंय किंवा शुगर बघायला पाहिजे. रात्रीच्याच फेऱ्या मोठ्या आणि संध्याकाळी पायावर सूज असेल तर डॉक्टरांना सांगा, बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यांची वेळ ते बदलून देतात, आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

पाण्याबद्दल इथंच सांगते. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी प्यायचं फॅड आलंय, ते पिऊन नऊच्या एसटीत बसायचं आणि खंबाटकी घाट येईपर्यंत जीव मुठीत, हे मूत्राशयाचं दुखणं नाही, वेळेचं गणित चुकलंय. उलट्या टोकाला शाळेतल्या मॅडम, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली, वारीला लोणंद-फलटणच्या टप्प्यात चालणाऱ्या बायका, जागा नसते म्हणून पाणीच तोडतात. मग लघवी घट्ट होते, जळजळ होते, घाई वाढते आणि शी कडक होते ती वेगळीच. चहा-ताक धरून दिवसाला दीड ते दोन लिटर, उन्हात राबणाऱ्यांना त्याहून जास्त, थोडं थोडं वाटून प्या. चहा पाच-सहा कप असेल आणि घाईचा त्रास असेल तर दोनवर आणून बघा, संध्याकाळी सहानंतरचा आधी सोडा.

पायरी तिसरी: स्नायू शोधा, आणि खात्री करा

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर, डोक्याखाली पातळ उशी. जबडा, मांड्या, पोट सैल. तीन-चार श्वास नुसते घ्या, श्वास आत जाताना पोट हलकं फुगतं आणि खालचा भागही किंचित खाली सैलावतो, सोडताना वर जातो, एवढं जाणवू द्या, घाई करू नका.

आता श्वास सोडता सोडता असं करा: चारचौघात बसलोय आणि वारा सुटायला आलाय, तो अडवायचाय. शीच्या जागेपासून आवळायला सुरुवात, तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि मग सगळं मिळून आत आणि वर उचला. दोन-तीन सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, आणि सोडा. सोडल्यावर "सुटलं" असं स्पष्ट जाणवलं पाहिजे. पुरुषांना मी सांगते की लिंग आत ओढून घेतल्यासारखं करा, त्यांना ते पटकन कळतं.

आता तपासा. दार लावून, आरसा पायांमध्ये धरून बघितलं तर योनी आणि शीची जागा यांच्यामधला भाग आत गेलेला दिसला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही कुंथताय, थांबा, उलटं चाललंय. आरसा नको वाटत असेल तर नॅपकिनची घट्ट गुंडाळी करून खुर्चीवर ठेवा, त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसा, आवळल्यावर गुंडाळीवरून काहीतरी वर उचललं गेल्यासारखं वाटतं. बाळंतपणाचे टाके भरलेत, इन्फेक्शन नाही आणि संकोच नसेल तर हात स्वच्छ धुवून बोट योनीत घालून बघता येतं, बोटाभोवती पकड आणि आत ओढ जाणवते. एक हात बेंबीखाली ठेवा, तिथं हलका ताण आला तर ठीक, पण पोट पुढे आलं किंवा बरगड्यांखाली कडक झालं तर जोर चुकीच्या ठिकाणी जातोय. खुर्चीवर बसून करताना तुम्ही सेंटिमीटरभर उंच झालात तर ते कुल्ले आवळले गेले. श्वास अडकतोय का ते बघायचा सोपा उपाय म्हणजे मोठ्यानं "एक, दोन, तीन" म्हणत करायचं, रोखलेल्या श्वासात बोलता येत नाही.

आणि एक जुनी सूचना अजून फिरते, लघवी करताना धार मध्येच तोडायची. व्यायाम म्हणून ते करू नका, त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं न करायची सवय लागू शकते.

सगळ्यांनी आवळायचं नसतं

हे कोणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितेय. काही जणींचे हे स्नायू ढिले नसून कायम ताठलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला बसलं की धार लवकर सुरूच होत नाही, झाली तरी उरल्यासारखी वाटते, शीला जोर करावा लागतो, माकडहाड दुखतं. सतत ताठ असलेल्या स्नायूला खोकल्याच्या वेळी अजून आवळायला वावच राहत नाही, त्यामुळे यांचीही गळते, आणि व्हिडिओ बघून आवळत सुटलं की दुखणं वाढतं. यांनी आधी सोडायला शिकायचं. पोटानं सावकाश श्वास, वज्रासनात गुडघे फाकवून पुढे वाकून पडणं, पाठीवर झोपून गुडघे छातीकडे आणि बाहेर, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं, आणि लक्ष फक्त श्वास घेताना खालचा भाग सैल होतोय का याकडे. आठवडाभरात बरं वाटलं नाही तर या विषयातल्या फिजिओकडे जाऊनच पुढचं ठरवा.

पायरी चौथी: स्वतःचा आकडा काढा

शेजारणीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. आवळून धरा आणि पकड कधी निसटते ते मोजा. समजा चार सेकंदांनी निसटली. आता चार सेकंद धरायचं, आठ सेकंद पूर्ण सोडायचं, असं परत परत, चौथ्या सेकंदापर्यंत टिकेनासं झालं की थांबा. समजा पाच वेळा जमलं. मग तुमचा व्यायाम "चार सेकंद, पाच वेळा". त्यानंतर एक मिनिट विश्रांती, आणि मग झटपटवाले: एका सेकंदात जोरात आवळा, पूर्ण सोडा, परत, जास्तीत जास्त दहा. हे सगळं दिवसातून तीनदा. दोन सेकंदच टिकत असेल तर दोनपासून सुरू करा, त्यात लाज नाही.

दर आठवड्याला एक सेकंद किंवा एक-दोन वेळा वाढवा. धरायचं दहा सेकंद, दहा वेळा, आणि झटपट दहा, एवढ्यावर पोचलात की बास, त्यापुढे शंभर करून काही मिळत नाही, थकलेला स्नायू उलट दगा देतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस (NICE) संस्थेच्या सूचनांमध्ये किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने देखरेखीखाली असं सांगितलंय. सहा-आठ आठवड्यांत फरक जाणवायला लागतो बहुतेकींना, दहा दिवसांत कोणाला जाणवला असं सांगितलं तर मला शंकाच येते.

सुरुवात झोपून, मग बसून, मग ओट्याशी उभं राहून, मग चालता चालता. झोपून छान जमतं आणि उभं राहिलं की गायब, असं होणारच, उभ्यानं वरचं सगळं वजन त्यावर येतं, तेव्हा आकडा अर्धा करून पुन्हा चढवत न्या. वेळ ठरवून घ्या, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, दुपारी जेवणानंतर, रात्री मालिका लागली की. स्कूटीवर पोवई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये नको, तिथं लक्ष रस्त्यावर राहू दे.

पायरी पाचवी: वेळेवर आवळणं

ताकद वाढली आणि वेळ चुकली तर थेंब पडणारच. म्हणून खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका, मग सोडा. शिंकेला, नाक शिंकरताना, बादली उचलताना, बाळाला कडेवर घेताना, हेच. सुरुवातीला मुद्दाम खोटा खोकला काढून सराव करावा लागतो, हळूहळू आपोआप व्हायला लागतं. ही एक गोष्ट नीट जमली की काही जणींना ताकद यायच्या आधीच फरक दिसतो, म्हणून हिला मी पहिल्याच आठवड्यात शिकवते.

वैरणीचा भारा, घागर, गॅसचा सिलिंडर, यात नियम तोच: अंगाजवळ घ्या, आवळा, तोंडानं श्वास सोडत उचला. श्वास कोंडून "हुं" करून उचललं की सगळा दाब खाली. भारा डोक्यावर चढवायला दुसरीचा हात घ्या, आणि एका मोठ्याऐवजी दोन छोटे करता येत असतील तर करा, मला माहितीये रानात दोन खेपा कोणाला परवडत नाहीत, पण अंग उतरलेलं असेल तर हे टाळता येत नाही.

पायरी सहावी: घाईवाल्यांसाठी

कळ आली की आपण काय करतो, पळतो. पळताना पोट दाबलं जातं, डोक्यात फक्त बाथरूम असतं, आणि दारात होते. त्याऐवजी जागेवर थांबा, शक्य असेल तर बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा, श्वास सावकाश, डोक्यात काहीतरी वेगळं आणा, भिशीचा हिशोब करा, उलटे पाढे म्हणा. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते, उतरली की सावकाश चालत जा. हे स्नायू आवळले की मूत्राशयाला "आता नको" असा निरोप नसांमार्फत जातो, म्हणून हे चालतं.

मग वहीत बघा, दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जातो. तास असेल तर त्यात पंधरा मिनिटं वाढवा, आठवडाभर ते जमलं की अजून पंधरा, असं तीन तासांपर्यंत. निदान सहा आठवडे लागतात. "निघायच्या आधी एकदा जाऊन येऊ या" ही सवय घरातून निघताना, भाजी आणायला जाताना, देवळात जाताना प्रत्येक वेळी लागली असेल तर ती तोडा, पुण्याच्या एसटीत बसायच्या आधी जायला अर्थातच हरकत नाही. आणि सार्वजनिक ठिकाणी अर्धवट उकिडवं अधांतरी राहून करतात तसं शक्यतो नको, नीट टेकून किंवा पूर्ण खाली बसून, मूत्राशय मोकळं होऊ द्या.

शी, कुंथणं आणि पाट

रोज कुंथणारीचा पेल्विक फ्लोअर कितीही व्यायामानं सुधारत नाही, दिवसातून तीनदा वर उचलायचं आणि सकाळी दहा मिनिटं खाली ढकलायचं, जमाखर्च शून्य. भारतीय संडासात बसता येत असेल तर उत्तम. गुडघ्यांमुळे कमोड वापरत असाल तर पायाखाली घरातला पाट किंवा छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर, पुढे वाकून कोपरं मांड्यांवर, आणि श्वास न कोंडता "श्श्" करत सोडा. मोबाईल बाहेर. जेवणात भाकरी, पालेभाजी, मटकी-हुलगा हे आपल्याकडे असतंच, ते सोडून बिस्किट-चहावर राहणाऱ्यांचं सगळं अडतं.

बाळंतिणींसाठी

सव्वा महिना अंथरुणातून हलायचं नाही असं आई-सासूबाई सांगतात, आराम बरोबर आहे, पण हलकं आवळणं-सोडणं झोपल्या झोपल्या करायला हरकत नसते, लघवीची नळी निघाली, लघवी नीट व्हायला लागली आणि टाक्यांचं दुखणं सोसवेल इतकं झालं की सुरू करा. टाके शीच्या जागेपर्यंत गेले असतील तर डॉक्टरांना विचारून. पोट बांधल्यानं पाठीला आधार वाटतो, खालचे स्नायू त्यानं घट्ट होत नाहीत, फार करकचून बांधलं तर दाब खालीच जातो. पळणं, उड्या, दोरी निदान तीन महिने नको.

पळण्यावरून आठवलं, सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की यवतेश्वर घाटात सकाळी किती बायका दिसतात, फार बरं वाटतं. त्यातल्या काही काळी लेगिंग घालतात ती डाग दिसू नये म्हणून, आणि पाणी न पिता पळतात. उतारावर पाय जोरात आपटतात म्हणून गळती चढापेक्षा उतरताना जास्त. पळणं सोडू नका. पावलं छोटी आणि पटापट टाका, जिथं गळायला लागतं त्याच्या अलीकडेपर्यंतच पळा, पुढचं चाला, आणि दर आठवड्याला तो टप्पा थोडा पुढे सरकवा. पेल्विक फ्लोअरबरोबर कुल्ले आणि पोटऱ्यांची ताकदही वाढवावी लागते.

पुरुषांसाठी थोडक्यात

प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर लघवी गळणं अपेक्षित असतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होत जातं. व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून ठेवा, लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) आत असताना करू नका, ती निघाली की सुरू. लघवी झाल्यावर पँटमध्ये दोन थेंब पडतात ही वेगळी तक्रार, त्याला वृषणांच्या मागून बोटांनी दाबत पुढे आणलं की मूत्रमार्गात अडकलेले थेंब निघून जातात.

फिजिओकडे गेल्यावर काय होतं

भीती आत तपासण्याची असते. आधी नुसतं बोलणं होतं, मग पोट, कंबर, श्वास बघतात. आतली तपासणी ग्लोव्ह घालून एका बोटानं, तुम्ही हो म्हणालात तरच, स्त्री फिजिओ मागायचा, सोबत कोणी ठेवायचा आणि मध्येच थांबवायचा हक्क तुमचा. त्यात ताकद शून्य ते पाचमध्ये मोजतात, म्हणजे तीन महिन्यांनी फरक आकड्यात दिसतो. ज्यांना काहीच जाणवत नाही त्यांना बायोफीडबॅक, म्हणजे आवळल्याचं स्क्रीनवर दिसणारं मशीन, किंवा हलका करंट उपयोगी पडतो, सरसकट सगळ्यांना लागत नाही. ऑनलाइन मिळणारी यंत्रं तपासणीआधी विकत घेऊ नका.

हे काम सगळे फिजिओ करत नाहीत, गुडघा-खांद्याचे चांगले असतील तरी. स्त्री-आरोग्याचं वेगळं शिक्षण आहे का आणि महाराष्ट्राच्या परिषदेकडे नोंदणी आहे का, सरळ विचारा. आपल्या भागात मलकापूर-कराडला कृष्णाचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगली-मिरजेला शासकीय रुग्णालयं आहेत, फोन करून "पेल्विक फ्लोअरसाठी कोण बघतं, कुठल्या वारी" एवढं विचारून मगच एसटीचे पैसे घालवा.

तीन महिने नीट करूनही फरक नसेल तर पुढे वाटा आहेत. अंग उतरलं असेल तर आत बसवायची रिंग, पाळी गेलेल्यांना योनीत लावायचं हार्मोनचं क्रीम, घाईसाठी गोळ्या किंवा घोट्याजवळच्या नसेला हलका करंट, दाबाच्या गळतीसाठी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवायचं ऑपरेशन. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के कमी झालं तरी गळती कमी होते. पिशवी काढली की लघवीचंही थांबेल असं कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, गळतीवर तो उपाय नाही.

पहिल्या भेटीला तीन दिवसांची वही, लघवी आणि शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, बाळंतपणाचे-ऑपरेशनचे कागद न्या. सैल सलवार किंवा साडी नेसून जा. पाळी चालू असेल तरी जा, आतली तपासणी पुढच्या वेळी होते, बाकीचं काम अडत नाही. एक जादा निकर आणि पॅड पिशवीत टाका, खोकून दाखवायला सांगतात तेव्हा गळेल म्हणून बायका आवरून धरतात आणि नेमकं जे बघायचं तेच दिसत नाही.